‘स्मार्ट काठी’च्या पुढे काय? एचसीआय आणि सुगम्य तंत्रज्ञानात संशोधक-प्राध्यापक व्हायचं तर

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट प्रदर्शन भरलं की एखाद्या टेबलावर अंधांसाठीची ‘स्मार्ट काठी’ हमखास दिसते. पीव्हीसीचा पाइप, त्यावर अल्ट्रासॉनिक सेन्सर, आर्डुइनो, नऊ व्होल्टची बॅटरी आणि समोर काही आलं की ओरडणारा बझर. परीक्षक कौतुक करतात, फोटो निघतो, निकाल लागला की काठी माळ्यावर जाते. बहुतेक वेळा ती एकाही अंध माणसानं हातात धरलेली नसते. धरली असती तर लगेच कळलं असतं की जमिनीवरचा खड्डा आणि पायरी साध्या पांढऱ्या काठीला उत्तम समजते. खरी पंचाईत होते ती गुडघ्याच्या वरच्या गोष्टींची: ट्रकच्या मागे बाहेर आलेल्या सळ्या, झुकलेली फांदी, रस्त्यावर उघडणारी खिडकी. आणि बझर तर नकोच, कारण रस्ता कानांनी ऐकायचा असतो.

हीच कल्पना आयआयटी दिल्लीत २००५च्या सुमारास विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणूनच सुरू झाली होती. प्रा. एम. बालकृष्णन आणि त्यांच्या गटानं ती सोडली नाही. अंध वापरकर्ते आणि ‘सक्षम’ ही संस्था सोबत घेऊन वर्षानुवर्षं चाचण्या झाल्या. शेवटी जे ‘स्मार्टकेन’ बाजारात आलं ते नेहमीच्या घडीच्या काठीवर मुठीसारखं बसतं, गुडघ्यावरचे अडथळे ओळखतं आणि थरथरून सांगतं. साल २०१४. प्रदर्शनातली काठी आणि ही काठी यांच्यात सेन्सरचा फरक फारसा नाही. फरक आहे मधल्या नऊ वर्षांचा, आणि ती नऊ वर्षं कशी घालवायची हे शिकवणारं क्षेत्र म्हणजे एचसीआय, म्हणजेच मानव-संगणक आंतरक्रिया.

संगणक, डिझाइन, मानसशास्त्र, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षण किंवा भाषाशास्त्र यांपैकी काहीही शिकलेल्या आणि या क्षेत्रात पीएचडी करून शिकवण्या-संशोधनाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. जे स्वतः अपंग आहेत त्यांच्यासाठी तर नक्कीच, कारण या विषयात तुमचा अनुभव हीच अर्धी तयारी असते.

क्षेत्राचा नकाशा, थोडक्यात

एचसीआयची सर्वांत मोठी परिषद ‘काय’. रोमन अक्षरं सी-एच-आय, उच्चार ग्रीक अक्षरासारखा. १९८२मध्ये अमेरिकेतल्या गेदर्सबर्गला झालेल्या परिषदेतून ती उभी राहिली. सुगम्यतेची, म्हणजे अपंगांना वापरता येईल अशा तंत्रज्ञानाची, खास परिषद ‘ॲसेट्स’, १९९४पासूनची. दोन्ही एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेच्या. वेबपुरती ‘वेब फॉर ऑल’ आहे, आपल्याकडे २०१०पासून ‘इंडिया एचसीआय’ आहे. इतर शास्त्रांत जर्नलला मान असतो. इथे परिषदेतला पूर्ण लांबीचा पेपर जर्नलइतकाच, किंबहुना जास्त मोलाचा धरतात. हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढे नोकरीच्या वेळी ते आडवं येणार आहे.

काम कसलं असतं हे चार उदाहरणांतून कळेल. चिएको असाकावा चौदाव्या वर्षी पूर्ण अंध झाल्या. आयबीएमच्या टोकियो प्रयोगशाळेत त्यांनी १९९७मध्ये वेबपान बोलून दाखवणारा ‘होम पेज रीडर’ बाजारात आणला. पीएचडी त्यानंतर, २००४मध्ये. आज त्या टोकियोच्या मिराइकान विज्ञान संग्रहालयाच्या प्रमुख आहेत. २००८च्या ‘ॲसेट्स’मध्ये शॉन केन आणि सहकाऱ्यांनी ‘स्लाइड रूल’ मांडलं: सपाट टचस्क्रीन अंध माणसाला बोटांच्या खुणा आणि आवाज यांच्या जोरावर वापरता येते, हे त्यांनी दाखवलं. पुढच्याच वर्षी आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आला. २०१०चं ‘विझविझ’: अंध व्यक्ती फोनवर फोटो काढून प्रश्न विचारते, दूरवरचा डोळस माणूस लगेच उत्तर देतो. आणि आपल्या घरचं उदाहरण आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन शाळेत प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटानं केलेल्या ‘स्वरचक्र’ कीबोर्डचं. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती काना-मात्रांचं चक्र उघडतं. ते अपंगांपुरतं नाही, पण देवनागरीत टाइप करणं लाखोंना का जमत नाही हा प्रश्न सुगम्यतेच्या शेजारचाच आहे.

पहिली पायरी: प्रवेश परीक्षेआधी माणसं

जवळजवळ सगळे ही पायरी गाळतात आणि नंतर पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी ‘पार्टिसिपंट मिळत नाहीत’ म्हणून रडतात. तुम्ही आत्ता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असाल तरी इथूनच सुरुवात करा.

मुंबईत वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे, सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३पासून दृष्टिबाधितांसाठीचं एक्सआरसीव्हीसी हे केंद्र आहे, वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवण अपंगत्वाची राष्ट्रीय संस्था आहे, हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्रीय संस्था आहे. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, नागपुरात ब्लाइंड रिलीफ असोसिएशन, गोव्यात फोंड्याला लोकविश्वास प्रतिष्ठान. तुमच्या जिल्ह्याच्या गावी अंध किंवा मूकबधिर विद्यालय असण्याची शक्यता बरीच आहे. तिथे ‘मला रिसर्च करायचाय’ म्हणून जाऊ नका. अशा संस्थांत प्रश्नावल्या घेऊन येणाऱ्यांची रीघ असते. माहिती घेऊन गेलेला माणूस पुन्हा उगवत नाही, हा तिथला नेहमीचा अनुभव. त्यापेक्षा काही द्यायला जा: परीक्षेला लेखनिक म्हणून बसा, पुस्तकं युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्राला वाचता येणाऱ्या मराठीत, टाइप करून द्या, संगणकाच्या वर्गाला मदत करा. महिन्यातून दोन शनिवार, वर्षभर. एवढं केलंत की तुम्हाला प्रश्न विचारायची गरजच उरणार नाही, प्रश्न आपोआप कानावर पडतील.

कसे पडतात ते सांगतो. एखादा अंध मित्र बँकेचं ॲप वापरतोय, तुम्ही शेजारी बसलाय. फोनचा पडदा काळा आहे. त्याला उजेडाची गरज नाही, शिवाय शेजाऱ्यानं डोकावू नये म्हणूनही बरेच जण तो मुद्दाम काळा ठेवतात. बोट उजवीकडे सरकवलं की टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा फोनमधला स्क्रीनरीडर, पुढची गोष्ट वाचतो, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. आवाजाचा वेग इतका की तुम्हाला एक शब्द कळत नाही, तो मात्र निवांत चहा पितोय. मग एका जागी तो थांबतो. टॉकबॅक म्हणतो, ‘बटन, नाव नाही.’ पुढे परत, ‘बटन, नाव नाही.’ तिसरंही तसंच. तो मागे जातो, मोजतो आणि मधलं दाबतो. ‘हे पैसे पाठवायचं. गेल्या अपडेटच्या आधी दुसरं होतं,’ असं सहज सांगतो. त्यानं अख्ख्या ॲपचा नकाशा पाठ केलाय आणि प्रत्येक अपडेटला तो मोडतो. अपडेटनंतर ही माणसं पाठ केलेला नकाशा पुन्हा कसा उभारतात, यावर पीएचडीचं एक प्रकरण होऊ शकतं. घरी बसून ते सुचलं नसतं.

अशा वेळी एकच पथ्य पाळा: त्याच्या फोनला हात लावू नका. ‘थांब, मी करून देतो’ म्हटलंत की निरीक्षण संपलं आणि थोडी मैत्रीही.

दुसरी पायरी: स्वतःचा प्रश्न

सिएटल किंवा पिट्सबर्गच्या प्रयोगशाळेत ज्या प्रश्नावर वीस माणसं बसली आहेत तोच इथून तिप्पट कष्टानं सोडवण्यात हशील नाही. तुम्ही मराठी आहात, इथली कार्यालयं, बँका, शाळा तुम्हाला आतून माहीत आहेत. ते भांडवल वापरा.

जुन्या फॉन्टचंच घ्या. कृतिदेवमध्ये कोणी ‘मराठी’ टाइप करतं तेव्हा फाइलीच्या आत ई-जे-के-बी-एच ही इंग्रजी अक्षरं साठतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. डोळ्यांना फरक कळत नाही. स्क्रीनरीडर मात्र ‘ई जे के बी एच’ असंच वाचतो. अशा फॉन्टमध्ये बांधलेल्या मराठी पीडीएफ, परिपत्रकं, नोट्स किती असतील याचा अंदाज करा. त्या युनिकोडमध्ये आणणारी साधनं आहेत. पण जोडाक्षरं, आकडे आणि तक्ते यांत ती कुठे घसरतात आणि वाचणारा त्यातून अर्थ कसा लावतो, हे अभ्यासण्याजोगं आहे. दुसरं उदाहरण आवाजाचं. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च लिहायला एकच, उच्चाराला वेगळे. यंत्राचा आवाज हिंदीच्या वळणाचा असेल तर दोन्ही एकसारखेच निघतात. तासनतास तोच आवाज ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला याचा किती त्रास होतो, की होतच नाही? मराठीत हे मोजायला भरपूर वाव आहे.

कायद्यातूनही प्रश्न निघतात. २०१६च्या दिव्यांग हक्क अधिनियमानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. त्या खटल्यात ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींची तक्रार होती की बँकेची ई-केवायसी डोळे मिचकवायला सांगते आणि आम्हाला ते करता येत नाही. ‘जिवंत माणूस’ ओळखण्याची दुसरी कोणती रीत चालेल, फसवणूक न वाढवता? संगणक सुरक्षा आणि सुगम्यता जिथे एकमेकींना छेदतात तिथला हा प्रश्न आहे आणि त्यावर करायला खूप काही शिल्लक आहे.

प्रश्न दोन वाक्यांत लिहा आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यापैकी कोणाला तरी वाचून दाखवा. ‘बरं आहे’ म्हणाले तर प्रश्न बदला. ‘अहो, त्यापेक्षा भयंकर सांगू का?’ म्हणाले तर वही उघडा.

तिसरी पायरी: हत्यारं

एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर विंडोजवर फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी २००६मध्ये तो सुरू केला. तो उतरवून घ्या, मॉनिटर बंद करा आणि आठवडाभर रोज तासभर काम करा. एच दाबलं की पुढचं शीर्षक, टॅब दाबलं की पुढची लिंक किंवा बटन. फोनवर टॉकबॅकही शिका. यातून अंधत्व ‘अनुभवलं’ असं मात्र समजू नका. नवशिक्याची धडपड आणि वीस वर्षं वापरणाऱ्याची सफाई यांचा काही संबंध नाही. तुम्ही फक्त साधन शिकताय.

वेबसाठीची डब्ल्यूसीएजी ही नियमावली वाचा. पहिली आवृत्ती १९९९ची, सध्याची २.२ ही ऑक्टोबर २०२३ची. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगातला फरक किमान ४.५ : १, बोटानं दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल, असे मोजता येणारे निकष तिच्यात आहेत. मग तुमच्या विद्यापीठाचा परीक्षा अर्ज त्या निकषांवर तपासा. पहिला अहवाल तयार.

बाकी गरजेप्रमाणे. संगणकवाल्यांनी मुलाखत घ्यायला आणि तिचं कोडिंग करायला शिकावं. इथे कोडिंग म्हणजे मुलाखतीच्या उताऱ्यांना अर्थाच्या खुणा लावणं. समाजशास्त्र-मानसशास्त्रवाल्यांनी थोडं पायथन आणि साधं वेबपान करण्याइतपत ज्ञान मिळवावं. संख्याशास्त्र दोघांनीही, आणि खास लहान नमुन्यांचं. या क्षेत्रात बारा-पंधरा सहभागींवर चांगले अभ्यास उभे राहतात, तिथे शंभरांसाठीच्या चाचण्या लावल्या की परीक्षक फाडून खातात.

चौथी पायरी: दरवाजा कोणता

भारतात एचसीआयला स्वतःचा एकच असा दरवाजा नाही, चार-पाच खिडक्या आहेत. नेट परीक्षेत ‘एचसीआय’ नावाचा विषय नाही, बहुतेक जण संगणकशास्त्रातून देतात. डिझाइनकडून यायचं तर एम.डेस. या डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती सीड परीक्षा. आयडीसी ही संस्था १९६९ची, तिथे इंटरॅक्शन डिझाइनमध्ये एम.डेस. आणि पुढे पीएचडी दोन्ही आहे. आयआयटी गुवाहाटीचा डिझाइन विभाग जुना आहे. आयआयआयटी दिल्लीत मानवकेंद्री डिझाइनचा स्वतंत्र विभाग आहे. बंगळुरूच्या आयआयएससीत प्रा. प्रदीप्त विश्वास यांचा गट नजरेनं चालणाऱ्या संगणकावर काम करतो, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसोबतही. आयआयआयटी बंगळुरूत सुगम्यतेचं केंद्र आहे. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. सुजाता श्रीनिवासन यांचा गट व्हीलचेअर आणि कृत्रिम अवयवांवर काम करतो. ते काम यांत्रिकीकडे झुकलेलं आहे, पण वापरकर्त्याशी वागण्याची पद्धत तिथून शिकावी.

आपल्या राज्य विद्यापीठांतूनही होऊ शकतं. पेट ही पीएचडीची प्रवेश परीक्षा द्या, मुलाखत द्या, संगणकशास्त्र किंवा शिक्षणशास्त्रात नोंदणी करा. त्यात अडचण गाईडची. एचसीआयची पार्श्वभूमी असलेले गाईड थोडे. मग बाहेरचा सह-मार्गदर्शक शोधावा लागतो, आणि तो नोंदणीआधीच ठरलेला बरा.

पैशांचं स्पष्ट बोलू. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनी वरिष्ठ म्हणजे एसआरएफ ४२,०००, घरभाडं वेगळं. पंतप्रधान संशोधन फेलोशिप ७०,०००पासून ८०,०००पर्यंत जाते, पण निवड कडक. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप आपापल्या प्रवर्गांसाठी आहेत. अपंग विद्यार्थ्यांसाठी केंद्राची स्वतंत्र राष्ट्रीय फेलोशिप आहे. कोणतीही असो, पहिला हप्ता हातात पडायला वेळ लागतो हे धरून सहा महिन्यांच्या खर्चाची सोय करून ठेवा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन, कमाल सहा वर्षं. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते.

एक आडवाट बरीच उपयोगाची आहे. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये पीएचडीआधीचे ‘रिसर्च फेलो’ घेतात, वर्ष-दोन वर्षांसाठी. सुगम्यतेवर तिथे बरंच काम झालंय, दृष्टिबाधित मुलांना खेळातून संगणक शिकवण्याचंही. विद्यापीठांच्या प्रकल्पांत प्रोजेक्ट असिस्टंटच्या जागा निघतात, त्याही चालतील. वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली काम केलं की आपल्याला हे आयुष्यभर करायचंय की नाही ते कळतं, आणि शिफारसपत्राला वजन येतं.

पाचवी पायरी: गाईड

संस्थेच्या नावापेक्षा गाईड महत्त्वाचा, हे सगळेच सांगतात. या क्षेत्रात तपासायच्या गोष्टी थोड्या वेगळ्या आहेत. गेल्या पाच वर्षांतले पेपर काढा आणि बघा: अभ्यासात खरे अपंग सहभागी आहेत की डोळ्यांवर पट्टी बांधलेले वर्गमित्र? लेखकांच्या यादीत कोणी अपंग संशोधक आहे का? एकाच संस्थेसोबत, एकाच समूहासोबत वारंवार काम झालंय का? जुने विद्यार्थी किती वर्षांत सुटले? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पेपरात नसतं, त्या विद्यार्थ्यांनाच फोन करा. फोनवर लोक खरं बोलतात, मेलवर नाही.

प्राध्यापकांना लिहायचा मेल छोटा ठेवा. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ हार्डवर्किंग स्टुडंट’ छापाचे मेल उघडलेही जात नाहीत. मजकूर साधारण असा असावा: ‘तुमच्या अमुक पेपरातला तमुक निष्कर्ष मी आमच्या गावच्या अंध विद्यालयात शिकवताना तपासून पाहिला. तिथली मुलं एकच फोन चौघांत वापरतात, म्हणून निष्कर्षातला हा भाग तिथे लागू पडला नाही. सोबत दोन पानांची नोंद. पुढच्या वर्षी तुमच्याकडे जागा आहे का?’ बस्स. दोन आठवड्यांनी एक आठवण, मग पुढचं नाव.

सहावी पायरी: परदेशी जायचं असेल तर

अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला जाता येतं, अर्ज बहुतेक डिसेंबरमध्ये, काळ पाच-सहा वर्षं. चांगल्या ठिकाणी फी माफ आणि वर स्टायपेंड. स्वतःच्या पैशानं पीएचडी करू नका, कर्ज काढून तर नाहीच. वॉशिंग्टन विद्यापीठात सुगम्यतेवर काम करणाऱ्यांची मोठी फळी आहे आणि २०२०पासून ‘क्रिएट’ हे केंद्रही. कार्नेगी मेलनची एचसीआय संस्था, मेरीलँड, मिशिगन, कॉर्नेल, जॉर्जिया टेक ही पुढची नावं. बहिरेपणाशी संबंधित कामासाठी रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला तोड नाही, तिथे बधिर विद्यार्थ्यांचं राष्ट्रीय तंत्रसंस्थान त्याच आवारात आहे.

युरोपची रीत वेगळी. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडनमध्ये पीएचडी ही बहुधा पगारी नोकरी असते. जाहिरात निघते, विषय बराचसा ठरलेला असतो, मास्टर्स लागतंच. ब्रिटनमध्ये जागा मिळणं आणि पैसे मिळणं या दोन स्वतंत्र लढाया आहेत, दुसरी जिंकल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नये. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांनी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती बघावी.

हेतूपत्रात ‘लहानपणापासून मला समाजासाठी काही करायचं होतं’ नको. आणि अपंगांबद्दल दया तर अजिबातच नको. समितीत एखादा अपंग प्राध्यापक असण्याची शक्यता बरीच असते.

सातवी पायरी: पीएचडीची वर्षं

पहिलं वर्ष कोर्सवर्क, वाचन आणि एथिक्स कमिटी यांत जातं. एसीएमची डिजिटल लायब्ररी जानेवारी २०२६पासून वाचायला सर्वांना खुली झाली आहे, त्यामुळे पेपर मिळत नाहीत ही सबब संपली. एथिक्स कमिटीचा अर्ज मात्र मनावर घ्या. संगणक विभागांना अजून त्याची पुरती सवय नाही, पण मंजुरीशिवाय चांगली परिषद पेपर घेत नाही.

संमतिपत्रावर थोडं थांबू, कारण सगळ्या चुका तिथे होतात. अंध सहभागीसमोर छापील कागद ठेवून ‘इथे सही करा’ म्हणणं ही संमती नव्हे. दोन दिवस आधी युनिकोड मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवा, त्याला स्वतःच्या स्क्रीनरीडरवर वाचू दे. भेटीत तोंडी प्रश्न विचारा आणि तोंडी होकार ध्वनिमुद्रित करा, कमिटीकडून ही पद्धत आधी मंजूर करून घ्या. सही आई-वडिलांची किंवा शिक्षकांची घ्यायची नाही, माणूस सज्ञान आहे. बधिर सहभागी असतील तर भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी लागेल, तासाहून लांब बैठक असेल तर दोन, म्हणजे आळीपाळीनं करतील. दुभाष्याला स्वतःच्या शेजारी बसवा, म्हणजे सहभागीची नजर तुम्हा दोघांकडे राहते. प्रश्न मात्र सहभागीकडे बघून विचारा. तुमच्या पाठीमागे खिडकी नको, उजेडाविरुद्ध हात दिसत नाहीत. कॅमेरा दोघांचे हात टिपेल असा. मानधन ठरवताना रिक्षाचं भाडं आणि सोबत आलेल्या माणसाचा खर्चही धरा. ‘चहा-नाश्ता दिला’ हे मानधन नव्हे.

वर्षाचं वेळापत्रक पक्कं असतं. ‘काय’चे पेपर सप्टेंबरात द्यायचे, परिषद एप्रिल-मेच्या सुमारास. ‘ॲसेट्स’चे एप्रिलच्या आसपास, परिषद ऑक्टोबरात. ‘काय’मध्ये साधारण चारातला एक पेपर लागतो, म्हणजे नकार हा इथला नियम आहे. परतलेला पेपर सुधारून सहा महिन्यांनी दुसरीकडे, ही साखळी चालू ठेवायची. सुरुवात पोस्टर, विद्यार्थी संशोधन स्पर्धा आणि डॉक्टरल कन्सॉर्शियम, म्हणजे परिषदेतली पीएचडीवाल्यांची मार्गदर्शन बैठक, यांपासून करा. प्रवासखर्चासाठी एसीएमच्या एचसीआय गटाचं, म्हणजे सिगकायचं, गॅरी मार्सडेन अनुदान आहे. पेपरातल्या प्रत्येक आकृतीला तिचं वर्णन करणारा पर्यायी मजकूर आणि पीडीएफला टॅग, म्हणजे शीर्षक-तक्ते स्क्रीनरीडरला कळवणाऱ्या खुणा, लागतात. सुगम्यतेवरचा पेपरच स्क्रीनरीडरला वाचता येत नसेल तर परीक्षक, जो स्वतः अंध असू शकतो, पहिल्या ओळीत तेच लिहील. लेखकशुल्क लागेल का हे आपल्या संस्थेच्या ग्रंथालयाला पेपर देण्याआधी विचारा.

आणि निकाल लागला की पहिलं सादरीकरण त्या संस्थेत करा जिथून माहिती गोळा केली. मराठीत, स्लाइडशिवाय.

आठवी पायरी: नोकरी

परिषद विरुद्ध जर्नल हा घोळ आता समोर येतो. आपल्याकडच्या अनेक निवड समित्या अजून फक्त जर्नल मोजतात, ‘कॉन्फरन्स’ शब्द ऐकला की तीनशे रुपयांच्या हॉटेल-हॉलमधलं प्रमाणपत्र त्यांच्या डोळ्यांसमोर येतं. म्हणून पाच वर्षांत निदान एक-दोन कामं जर्नलमध्ये जातील असं बघा. एसीएमची ‘टॅक्सेस’ ही सुगम्य संगणनासाठीची पत्रिका २००८पासून आहे, ‘टोकाय’ एचसीआयची. अर्जाला अर्ध्या पानाचं टिपण जोडा: ही परिषद काय आहे, पेपर कसा तपासला जातो, किती लागतात.

आयआयटीत सहायक प्राध्यापक ग्रेड एकसाठी पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव मागतात, मूळ वेतन १,०१,५०० पासून. अनुभव कमी असेल तर ग्रेड दोनवर कराराची नेमणूक मिळू शकते. राज्य विद्यापीठं आणि महाविद्यालयांत यूजीसीच्या श्रेणीत मूळ वेतन ५७,७०० पासून, त्यासाठी नेट, सेट किंवा पीएचडी. महाराष्ट्र-गोव्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. कागदावरचा हा हिशोब आणि प्रत्यक्ष भरती यांत अंतर किती ते तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. सीएचबीवर दोन-तीन कॉलेजं करत फिरलात तर संशोधन बंद पडतं, एवढंच सांगतो. त्यापेक्षा पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधकाची जागा), प्रकल्पातली जागा किंवा कंपनीच्या सुगम्यता गटात दोन वर्षं घालवणं बरं. जून २०२५पासून युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा लागू झाल्यानं तिथे सेवा विकणाऱ्या कंपन्यांना हे काम येणारी माणसं लागतात.

मुलाखतीत ‘तुमचा विषय नेमका कोणता, संगणक की समाजकार्य?’ हा प्रश्न येणार. चिडू नका. तुम्ही कोणते दोन नेहमीचे अभ्यासक्रम शिकवू शकता ते आधी सांगा: प्रोग्रॅमिंग, संख्याशास्त्र, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, जे खरं असेल ते. मग तुमचा स्वतःचा.

अपंग उमेदवारांसाठी: २०१६च्या कायद्यानं उच्च शिक्षणात ५ टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. यूडीआयडी हे अपंगत्वाचं ओळखपत्र अर्जाच्या हंगामाआधी हातात असू द्या. मुलाखतीला लागणारी सोय लेखी मागा: स्लाइड आधी मिळणं, दुभाषी, तळमजल्यावरची खोली. मागणी मान्य झाली की नाही यावरून विभाग कसा आहे तेही कळतं.

नोकरी लागली की पहिल्याच वर्षी अनुदानाचे अर्ज सुरू करा. संशोधनाला निधी देणाऱ्या एएनआरएफ या केंद्रीय संस्थेची नव्या प्राध्यापकांसाठीची योजना आहे, विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची अपंग आणि वृद्धांसाठीच्या तंत्रज्ञानाची ‘टाइड’ योजना आहे. अंदाजपत्रकात उपकरणांचा रकाना सगळे भरतात. सहभागींचं मानधन, सोबतीचा प्रवास, दुभाषी आणि ब्रेल छपाई यांच्या वेगळ्या ओळी तिथेच टाका. त्या ओळी मंजुरीपत्रात नसतील तर पुढे लेखा विभाग बिलं परत पाठवतो, आणि मग दुभाष्याचे पैसे प्राध्यापकाच्या खिशातून जातात.